अर्धी जांभई

इराला जांभई आली आणि अर्ध्यावरच थांबली.

तोंड उघडलं, डोळे मिटले, छाती वर चढू लागली आणि मध्येच कुणी आतून कडी घातल्यासारखी अडली. इराने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. समोर चहा घेत बसलेल्या शलाकाला हसू फुटलं.

"काय गं, जांभई द्यायचापण कंटाळा?"

"येईना की, आई. पुरी होतच नाही."

"म्हणजे?"

इराने उजव्या बगलेखाली हात ठेवला. "इथं येऊन अडते."

शलाकाने कप खाली ठेवला. शलाका चौगुले गेली वीस वर्षं सांगलीत मल्लखांब शिकवत होती. अंगाचं काही बिघडलं, की तिचे डोळे नंतर बघायचे, हात आधी बघायचे. तिने लेकीच्या दोन्ही कुशींना तळवे लावले आणि म्हणाली, "घे श्वास." डावीकडच्या बरगड्या एकेक करून सुट्या झाल्या, फाकल्या. उजवीकडच्या चार-पाच बरगड्या एकत्रच वर आल्या, एकच फळी असल्यासारख्या. शलाकाने तळवे पुन्हा लावून पाहिले, पुन्हा तेच. पण सतरा वर्षांच्या पोरीसमोर चेहरा कसा ठेवायचा ते तिला माहीत होतं.

"लचक असेल," ती म्हणाली. "आज डॉक्टरांना दाखवून येऊ."

डॉक्टरांना दाखवायचं कारण वर्षभरापूर्वीचं होतं.

मल्लखांब अंगावर प्रेम करणारा खेळ नाही. गुळगुळीत लाकडी खांबाला बगलेत धरून सगळं शरीर लटकवायचं, तेही आडवं, तेही हसतमुखानं. त्याची किंमत मोजते ती स्नायू हाडाला जोडला जातो ती जागा. स्नायूच्या टोकाला दोरीसारखी चिवट कंडरा असते आणि ती हाडात रुजलेली असते. दोरी मऊ, हाड दगडासारखं. दोन्ही नुसती चिकटवली असती तर पहिल्याच हिसक्याला निसटली असती. म्हणून शरीराने मध्ये एक चमत्कार करून ठेवलाय. नखाएवढ्याही नाही, केसाएवढ्या जाडीत कंडरा हळूहळू कूर्चा होते, कूर्चेत हळूहळू चुना भरत जातो आणि शेवटी तिचं हाड होतं. नेमकं कुठे काय संपलं हे सांगता येत नाही. डॉक्टर मंडळी या जागेला रुजवण म्हणू लागली होती. ही रुजवण एकदा उसवली की शरीराला ती पुन्हा विणता येत नाही. ते तिथे नुसतं ठिगळ लावतं. मग कुणाची टाच सकाळी जमिनीला टेकवत नाही, कुणाला कोपरामुळे तांब्या उचलवत नाही, आणि मल्लखांबवाल्यांचे खांदे तर ठरलेलेच.

इराचा खांदा असाच उसवला होता. देशाच्या संघाची निवड चाचणी तोंडावर आलेली आणि बगलीची पकड घेतली की पोरीच्या डोळ्यांतून पाणी. त्याच सुमाराला मिरजेत रुजवण-बीज आलं. रुग्णाच्याच पेशी घ्यायच्या, त्यांच्यात थोडा बदल करायचा आणि जेलमध्ये घालून उसवलेल्या जागी टोचायच्या. या पेशींना एकच गोष्ट कळायची, ती म्हणजे ताण. ताण येईल त्या दिशेला त्या धागे विणायच्या, ताणाच्या टोकाशी चुना भरायच्या. ताण थांबला की झोपायच्या. आणि दोन-तीन आठवडे ताण मिळालाच नाही, की आपोआप मरायच्या. माणूस झोपला की खांदा झोपतो, कोपर झोपतं, टाच झोपते. त्यामुळे काम आवरतं राहायचं. किती सुरक्षित! शलाकाने आधी स्वतःच्या डाव्या खांद्यात घेतलं. वीस वर्षांचं दुखणं दोन महिन्यांत गेलं तेव्हा ती रडली होती. मग इराला दिलं, आणि मग आईबापांना समजावून वर्गातल्या आणखी सहा मुलांना. इराची संघात निवड झाली. वर्गाच्या दारावर तिचा फोटो लागला.

टोचताना डॉक्टर रेहाना नदाफ यांनी प्रत्येकाला बजावलं होतं, "तीन आठवडे या जागेला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. दुसरा काही इलाज चालू आहे का? लेप, शेक, हाडवैद्य?"

"छे, काही नाही," शलाका म्हणाली होती आणि ते तिने कसोशीनं पाळलं होतं. शार्दूल म्हणून वर्गात एक मुलगा होता. त्याच्या वडिलांनी त्याला टोचल्यानंतर हाडवैद्याकडे नेल्याचं कळलं, तेव्हा तिने त्या गृहस्थांना सगळ्यांसमोर असं झापलं की ते महिनाभर वर्गाकडे फिरकले नाहीत.

स्कॅनच्या पडद्यावर इराच्या छातीचा पिंजरा फिरत होता. डॉक्टर नदाफ तो निरखत होत्या. एरवी त्या बडबड्या. मिरजेच्या पेठेत वाढलेली, पेशंटच्या पाठीवर थाप मारणारी बाई. आज त्यांनी नुसतं चित्र पुढे-मागे केलं, मोठं केलं आणि खुर्ची वळवली.

"इरा, बाहेर जरा बाबांपाशी बस बाळा."

इरा गेली. शलाकाने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"हे खांद्यामागचं पसरट हाड, फरा," डॉक्टरांनी बोट ठेवलं. "इथं मी टोचलं होतं. इथलं काम झकास झालंय. आणि हे बघा." बोट खाली सरकत गेलं. फऱ्याच्या कडेपासून बगलेखालून बरगड्यांपर्यंत पांढऱ्या रेघा उतरल्या होत्या. बरगड्यांच्या मधल्या फटी, जिथे काळं दिसायला हवं, तिथे चुन्याची बोटं ओढल्यासारखं दिसत होतं. "पेशी बरगड्यांत गेल्यात, शलाकाताई. दोन बरगड्यांमधला स्नायू जिथं रुजतो, तिथं बसून त्या हाड करतायत."

"पण तुम्ही म्हणाला होता, ताण थांबला की झोपतात."

"म्हणाले होते. सगळे स्नायू कधी ना कधी विसावतात, हेच गृहीत धरलं होतं आम्ही." डॉक्टरांचा आवाज खाली गेला. "श्वासाचे विसावत नाहीत."

 शलाकाला स्वतःची छाती वर-खाली होताना जाणवली आणि ते थांबवता येत नाही याची तिला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.

"मला एकच कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जेल घट्ट असतं. आपण होऊन वीतभर खाली जाणार नाही. कुणीतरी रेटल्याशिवाय ते इथवर येणं शक्य नाही. पहिल्या आठवड्यात ही पडली होती का? मार बसला? कुणी चोळलं?"

"नाही हो. चोळणार कोण? मी तर शेकसुद्धा..."

आणि बोलता बोलता शलाकाची नजर स्वतःच्या अंगठ्यांवर गेली.

गाडी.

तिच्या वर्गाची रीत होती ती, तिच्या सरांच्या आधीपासूनची. सराव संपला की सगळ्यांनी एकामागे एक मांडी घालून बसायचं आणि पुढच्याच्या पाठीला एरंडेल लावायचं. खांबाला लावतात तेच तेल. दोन्ही अंगठे फऱ्याच्या कडेत रुतवायचे आणि बगलेखालून बरगड्यांवर ओढत आणायचे, गाठ फुटेपर्यंत. मग सगळ्यांनी तोंडं फिरवायची आणि गाडी उलटी. ज्याने आपली पाठ चोळली त्याची आपण चोळायची. पुढे इंजिन म्हणून शलाका, तिच्यामागे इरा, तिच्यामागे बाकीचे. हा इलाज आहे असं कधी कुणाच्या डोक्यात आलंच नाही. सराव झाल्यावर हातपाय धुतो तसं ते. दात घासता का, असं डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं. त्यातलंच हे.

टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सरावाला सुट्टी दिली होती तिने. गाडीला नाही. उलट इराच्या खांद्याला तिने त्या आठवड्यात जास्तच जीव लावून चोळलं होतं. पोरीचं दुखत होतं ना.

"मी," शलाका म्हणाली. "मी रेटलं."

तिने हात टेबलावर ठेवले होते. अंगठ्याच्या पेरांत एरंडेलाचा वास कायमचा मुरलेला होता. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर शलाकाला बरं वाटलं असतं.

"गाडीत सगळीच मुलं असतात?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

"म्हणजे तुम्हीसुद्धा."

"माझं नंतर बघू," शलाका घाईनं म्हणाली. "आधी इराचं बोला."

शलाकाचा नवरा मिलिंद बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर मॅनेजर होता. शांत माणूस. डॉक्टरांनी त्याला आत बोलावून इलाज सांगितला तेव्हा तो खुर्चीतून ताडकन उठला.

इलाज एकच होता, ताण बंद करणं. खांद्यात असतं तर प्लास्टर घालून भागलं असतं. बरगड्यांना प्लास्टर घालता येत नाही. साधा व्हेंटिलेटरही उपयोगाचा नव्हता. तो फुफ्फुसांत हवा भरतो, म्हणजे बरगड्या हलणारच. तेव्हा इराला झोपवायचं, तिचे सगळे स्नायू औषधानं गार पाडायचे आणि श्वासच थांबवायचा. मांडीतल्या नळीतून रक्त बाहेर काढून यंत्रात त्याला ऑक्सिजन द्यायचा आणि परत अंगात सोडायचं. हे यंत्र नवं नव्हतं. पण फुफ्फुसं धडधाकट असलेल्या पोरीचा श्वास ठरवून, तीन आठवडे बंद ठेवणं हे कुणी केलेलं नव्हतं. रक्ताची गुठळी होऊ शकते, जंतू शिरू शकतात. आणि तीन आठवडे निजलेले श्वासाचे स्नायू उठवल्यावर उठतीलच, याचीही खात्री नाही.

"श्वास बंद करून माणूस वाचवायचा?" मिलिंद म्हणाला. "डॉक्टर, ऐकताय का तुम्ही स्वतःला?"

"ऐकतेय. आज तिची जांभई अडतेय. काही महिन्यांनी जिना अडेल. छाती आणि पोटाच्या मधला पडदा बरगड्यांना जिथं चिकटतो, तिथं हे पोचलं की मग हा इलाजही हातात राहणार नाही."

"नुसतं हळू श्वास घेऊन चालणार नाही? पडून राहून?"

"लांबेल. थांबणार नाही."

 घरी परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मिलिंद समोर बघतच म्हणाला, "तूच नेलंस तिला टोचायला." मग थोड्या वेळाने, "मीच सही केली."  

पुढचे चार दिवस त्या घराने कसे काढले ते त्या घरालाच माहीत. इरा श्वास जपून घेऊ लागली. छोटे, वरवरचे, मुठीत खाऊ लपवावा तसे. श्वास घेतला की आतलं बीज पोसलं जातं हे तिला कळलं होतं, आणि घेतला नाही तर काय होतं हे कुणी सांगायला नको होतं. ती हसायची बंद झाली, कारण हसताना छाती हलते. शिंक येईल म्हणून स्वयंपाकघरात फोडणी घालायची नाही, असं ठरलं. शलाका तिच्याकडे बघत बसायची आणि बघता बघता स्वतःचाच श्वास धरून ठेवायची.

मधल्या वेळात तिने सहाही मुलांच्या घरी फोन केले. कुणापासूनही काही लपवलं नाही. शेवटचा फोन शार्दूलच्या वडिलांना होता, आणि तो शेवटी ठेवण्याचं कारण तिला माहीत होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, हाडवैद्याचा एकदा हात लागला म्हणून तुम्ही मला चारचौघांत काय काय बोलला होता."

"हो."

"आणि गाडी तर तुम्ही रोज लावत होता."

"हो."

"पोराला घेऊन कधी येऊ, तेवढं सांगा," ते म्हणाले आणि फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर तिला पेलल्या असत्या.

त्या सहापैकी दोघांच्या पाठीत बीज सरकलेलं निघालं, बरगड्यांच्या अलीकडेच. त्यांचं प्लास्टरवर भागलं. शार्दूल कोरा निघाला. रागावून वडिलांनी त्याला महिनाभर वर्गाला पाठवलंच नव्हतं. शलाकाने वर्गाला कुलूप लावलं. तिच्या स्वतःच्या स्कॅनचं डॉक्टरांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ती म्हणाली, "इराचं होऊ दे." तिला दवाखान्याचे जिने चढताना दम लागत होता. पण त्या दिवसांत दम कुणाला लागत नव्हता!

खरी गोष्ट तिने मनातसुद्धा पुरी उच्चारली नाही. आपल्यातही काही निघालं, तर इराच्या खाटेशी उभं कोण राहणार?

यंत्राच्या खोलीत इराला आडवं केलं होतं. मांडीत आणि मानेत नळ्या घातलेल्या. यंत्र सुरू झालं होतं, पण इरा अजून जागी होती आणि स्वतःचा श्वास घेत होती. डॉक्टर नदाफ औषधाची सिरिंज घेऊन उभ्या होत्या. मिलिंद काचेपलीकडे.

"भीती वाटते?" डॉक्टरांनी विचारलं.

इराने मान हलवली. होय. मग तिने आईकडे पाहिलं.

"ताई, खाली?"

घरी ती आई म्हणायची, वर्गात सगळ्यांसारखं ताई. आणि हा वर्गातला सवाल होता. मूल पहिल्यांदा उलटं लटकून हात सोडतं, तेव्हा शिकवणारा खाली दोन्ही तळवे वर करून उभा राहतो. मुलाने विचारायचं, खाली? त्याने उत्तर द्यायचं, खाली. मग म्हणायचं, सोड. या तीन शब्दांशिवाय शलाकाच्या वर्गात कुणी कधी हात सोडला नव्हता. आणि आपले तळवे नेमके जागेवर असल्याशिवाय शलाकाने कधी उत्तर दिलं नव्हतं. वीस वर्षांत एकदाही नाही.

आज तळवे कुठे धरायचे? श्वास सुटला तर तो झेलायचा कशात? आपल्याला झेलता येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि इराही तिच्याकडे बघत होती ती ते ठाऊक असल्यासारखीच. शलाकाने दोन्ही हात वर केले, तळवे आभाळाकडे.

"खाली," ती म्हणाली.  "सोड."

औषध गेलं. इराची छाती वर आली, थोडी खाली गेली, पुन्हा वर यायला निघाली आणि राहिली. शलाका वाट बघत होती. सगळं माहीत असून वाट बघत होती. ओठ गुलाबी, गाल गरम, यंत्रातून लालभडक रक्त फिरतंय, आणि छाती मात्र पाटासारखी सपाट. जिवंत पोरगी आणि श्वास नाही. कुणीतरी शलाकाचे हात धरून खाली आणले. तोवर ते वरच होते.

तीन आठवडे ती त्या न हलणाऱ्या छातीजवळ बसली. डुलकी लागली की दचकून उठायची, कारण झोपेतही तिचे कान इराचा श्वास शोधायचे आणि तो सापडायचा नाही. एकदा अंगात ताप चढला, नळीत गुठळी धरली, डॉक्टर धावत आल्या. तो दिवस तिने कसा काढला हे तिला पुढे आठवेना. रोजच्या स्कॅनमध्ये पांढऱ्या रेघा तेवढ्याच होत्या, वाढत नव्हत्या. मग रेघांच्या कडेची धग विझली. डॉक्टर म्हणाल्या, पेशी मेल्या. झालेलं हाड नंतर खरवडता येईल.

"आता उठवू," त्या म्हणाल्या. "उठतेय का बघू."

औषध बंद केलं. व्हायला हवं होतं ते झालं नाही. यंत्राचा जोर कमी केला, इराच्या पापण्या हलल्या, बोटं हलली. छाती हलेना. डॉक्टर पडद्याकडे आणि इराकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मिलिंद आत आला होता. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शलाका लेकीच्या कानाशी वाकली. देवाचं नाव घ्यायचं की काय म्हणायचं, तिला सुचेना. वर्गात म्हणायची तेच तोंडातून निघालं, "इरा, पकड. पकड बाळ, पकड."

कुशीतली एक बरगडी थरथरली. मग दुसरी. मग छाती खोल विहिरीतून पोहरा यावा तशी, अडखळत, वर आली.

मिलिंद भिंतीला डोकं टेकून हमसून रडला. डॉक्टर नदाफ खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पदराने तोंड पुसलं. पेशंटसमोर असं बसत नसत त्या.

संध्याकाळी इरा शुद्धीवर होती. घशातून आवाज येत नव्हता, पण डोळे ओळखीचे होते. खिडकीतून उन्हाची तिरीप खाटेवर आली होती. इराने डोळे मिटले, तोंड उघडलं आणि तिला जांभई आली. शलाका खाटेच्या कडेवर पुढे सरकली. उजवी कुशी आखडली होती, पण जांभई वर वर गेली, टोकाला पोचली आणि पुरी झाली. डोळ्यांत पाणी आणून, कानांपर्यंत तोंड ताणून, पुरी. शलाकाला आयुष्यात इतकं सुंदर काही दिसलं नव्हतं.

जांभई बघितली की बघणाऱ्यालाही येते. शलाकालाही आली. तीन आठवड्यांचा शीण होता तो. तिने तोंड उघडलं, छाती भरत गेली, आणि अर्ध्यावर, डाव्या बगलेखाली, कुणी आतून कडी घातल्यासारखी अडली.

तिने घाईने तोंड मिटलं आणि हसली. मिलिंद फोनवर बोलत होता, त्याने पाहिलं नाही. तिने पुन्हा एकदा, चोरून, श्वास ओढून बघितला. पुन्हा तिथेच.

पण इरा बघत होती. तिला सगळं समजलं. तिचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग तिने चादरीवरचे हात उताणे केले आणि गादीपासून बोटभर, जेमतेम बोटभर, वर उचलले.  तळवे आभाळाकडे धरून ती आईकडे बघत राहिली.